आतून कुलूप नसलेलं दार

क्रूझवरून परत आल्यापासून आमच्या बिल्डिंगमधल्या बायका मला दोनच प्रश्न विचारतात. जेवण कसं होतं आणि बोट लागली का? जेवण चांगलं होतं आणि बोट लागली नाही. तिसरी गोष्ट मी आपण होऊन सांगते, कारण ती कोणी विचारत नाही आणि जायच्या आधी मलाही कोणी सांगितली नव्हती. बोटीवरच्या खोलीला आतून कुलूप लावता येत नाही. बाहेरून ते दार तुमच्या कार्डाने उघडतं आणि सफाईवाल्यांच्या कार्डाने उघडतं. आतून मात्र नुसतं हँडल खाली दाबलं की कोणीही, केव्हाही बाहेर पडू शकतं. आग लागली, धूर झाला तर माणूस आत कोंडून मरू नये, म्हणून तसं ठेवतात. नियम शहाणपणाचाच आहे, पण त्या शहाणपणाने चार दिवस माझा जीव टांगणीला लावला.

ते का, हे सांगायचं तर आधी घरचं दार सांगायला हवं. भाईंदर ईस्टला, नवघरला, आमच्या घराला दोन दारं आहेत. एक लाकडी आणि त्याच्या बाहेर लोखंडी जाळीचं. गेली दीड वर्षं जाळीच्या दाराला आतून कुलूप असतं आणि किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात. ह्यांना मी सांगून ठेवलंय की आपल्या गल्लीत चोऱ्या वाढल्यात. "बरोबर आहे, काळजी घेतलेली बरी," असं म्हणून हे पुन्हा पेपरात डोकं घालतात. चोऱ्याबिऱ्या काही वाढलेल्या नाहीत. हे एकदा कोथिंबीर आणायला खाली उतरले आणि रूळ ओलांडून पार मोरव्याला पोचले. एका रिक्षावाल्याने बिल्डिंगच्या नावावरून शोधत आणून सोडलं. नंतर मीरा रोडच्या डॉक्टरकडे ब्लडप्रेशरच्या निमित्ताने नेलं, तेव्हा ह्यांना बाहेर बसवून डॉक्टरने मला एकटीला आत बोलावलं. विसरणं वाढत जाणार, म्हणाला. एकटं सोडू नका, म्हणाला.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. शेजाऱ्यांना नाही, ठाण्याला दिलेल्या आमच्या केतकीला नाही आणि ह्यांना तर नाहीच. ह्यांना स्वतःला कळू नये, यासाठीच माझी सगळी धडपड. मला लाजही वाटत होती. लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. हे मुंबईत पाणी खात्यात चावीवाले होते. रस्त्याखाली पाण्याचे व्हॉल्व्ह असतात, ते पुरुषभर उंचीच्या लोखंडी चावीने उघडणारा तो चावीवाला. परळच्या सगळ्या गल्ल्यांचं पाण्याचं वेळापत्रक ह्यांच्या डोक्यात असायचं, कागदाशिवाय. अशा माणसाकडे बिल्डिंगमधल्या बायकांनी 'अरेरे' म्हणून बघावं, हे मला सोसणार नव्हतं.

केतकीने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला ही सहल भेट दिली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. म्हणून बॅगा भरल्या.

पहिला दिवस : मुंबई बंदर

बंदरावर एक फॉर्म भरून घेतात. काही आजार, काही विशेष मदत हवी आहे का, असं त्यात विचारलं होतं. मी शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं फॉर्म तपासले आहेत, खोटं लिहिणाऱ्या पालकांना खडसावलंही आहे. मी 'नाही'वर खूण केली आणि सही ठोकली.

बोट म्हणजे आडवी पडलेली बिल्डिंग. लांबच लांब गालिचा घातलेली बोळं, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. आमच्या रांगेत भाईंदर वेस्टचाच एक गुजराती ग्रुप होता, तीन-चार कुटुंबं. त्यांनी आल्या आल्या दारात चपला अडकवून सगळ्या खोल्या सताड उघड्या टाकल्या आणि या खोलीतून त्या खोलीत खाखऱ्याचे डबे फिरायला लागले. परळच्या चाळीत आम्हीही असेच राहायचो. मला त्यांचा हेवा वाटला, आणि थोडा रागही आला.

खोली छान होती. खिडकी गोल नव्हती, मोठी होती. पण मी खिडकी बघितलीच नाही, आधी दार बघितलं. दार जड होतं, सोडलं की आपोआप बंद व्हायचं. कुलूप कुठेच नाही. खोल्या सांभाळणारा दीपांकर नावाचा माणूस टॉवेल घेऊन आला. तिशीचा असेल, जलपाईगुडीकडचा, हसरा. मी त्याला विचारलं, भैया, अंदर से ताला किधर है? त्याने दाराला वर एक लोखंडी आकडा होता तो फिरवून दाखवला. हा लावला की बाहेरून कोणी आत येऊ शकणार नाही, म्हणाला. मी म्हणाले, बाहर से आने का नहीं, अंदर से... आणि जीभ चावली. तो वाट बघत उभा राहिला. कुछ नहीं, थँक्यू, असं म्हणून मी त्याची बोळवण केली.

मग माझी कामं सुरू झाली. घरून जाड अक्षरांत कागद लिहून आणले होते. बाथरूमच्या दारावर 'संडास इकडे'. कपाटावर 'तुमचे कपडे'. बाहेरच्या दारावर, हँडलच्या बरोब्बर वर, 'बाहेर जाऊ नका. मी आलेच. सुलभा.' ह्यांना सांगितलं, बोटीवर सगळी दारं सारखी दिसतात, लोकांची गफलत होते, म्हणून सगळेच लावतात. ह्यांनी कागद वाचले, मान डोलावली. "अक्षर छान आहे हो तुझं अजून," म्हणाले.

हे कागद बाहेरच्या माणसाने बघितले की संपलं. आणि बोटीवर माणसं खोलीत दिवसातून दोनदा येतात, सकाळी झाडायला आणि संध्याकाळी चादरी सारख्या करायला. म्हणून दारावर लावायची ती लाल पाटी, आत येऊ नका अशी, मी पहिल्या तासातच बाहेर अडकवली. टॉवेल दारातून घ्यायचे, कचरा दारातून द्यायचा. दीपांकरला वाटलं असेल की म्हातारा-म्हातारी हनिमूनला आली आहेत.

दुपारी सगळ्यांना जॅकेटं घेऊन वर बोलावलं, बोट बुडाली तर काय करायचं ते शिकवायला. तिथे ह्यांनी मला चकित केलं. तरण्याताठ्या मुलांचे पट्टे उलटे लागत होते आणि ह्यांनी मात्र एका झटक्यात जॅकेट चढवून बांधलं, वर शेजारच्या गुजराती काकांचंही बांधून दिलं. शिकवणारी मुलगी म्हणाली, व्हेरी गुड सर. मी उगीचच सगळ्यांकडे बघितलं. अशा वेळी मला वाटतं डॉक्टरच चुकला असेल.

झोपताना मी दोन्ही बॅगा दाराला टेकवून ठेवल्या. झोप मात्र लागली नाही.

दुसरा दिवस : गोवा

गोव्यात उतरलो. ह्यांचा हात मी सोडला नाही. चाळीस वर्षांत रस्त्यात कधी हात धरला नव्हता, त्यामुळे हे दोनदा म्हणाले, "लोक बघतायत गं." एका छोट्या खानावळीत जेवलो. बांगडा तळलेला, आमटी कोकमाची, आणि भात असा जाड की नवघरच्या आमच्या शेजारणीने परत पाठवला असता. मला आवडला. ह्यांनी दोन बांगडे खाल्ले आणि खानावळवाल्याला विचारलं की पाणी किती वाजता येतं. त्याने सांगितलं, सकाळी सहाला. मग दोघांनी प्रेशरबद्दल बराच वेळ गप्पा मारल्या. मी दाराकडे बघत बसले होते. सवयच लागली आहे.

बोटीवर परत आलो आणि आमचं कार्ड चालेना. कुलपाला लावलं की लाल दिवा. पर्सच्या लोहचुंबकाच्या बटणाने ते बिघडलं, असं नंतर कळलं. ह्यांना बाथरूमला जायचं होतं. समोरच दीपांकर झाडत होता, त्याच्या कमरेला सगळी दारं उघडणारं कार्ड लटकत होतं. मी म्हटलं, भैया, खोल दो. तो म्हणाला, नहीं खोल सकता, आंटी, रिसेप्शन से नया कार्ड लाना पड़ेगा. माझी सटकली. तुम्ही वाटेल तेव्हा आत शिरता आणि आम्ही आमच्याच दारात उभे तर नियम? तो बिचारा सारखं सॉरी म्हणत राहिला, पण दार उघडलं नाही. कोणीही येऊन ही माझी खोली आहे म्हणेल, आणि त्याने उघडून दिलं तर त्याची नोकरी जाईल.

आमची जुंपलेली ऐकून त्याची सुपरवायझर आली. पन्नाशीची, ठेंगणी, केस चापून बांधलेले. माझ्या हिंदीतलं मराठी ओळखून तिने मराठीतच विचारलं, तुम्ही कुठल्या? नवघर म्हटल्यावर चेहराच बदलला. ती डोंगरीची निघाली, उत्तनकडची. नाव जेनेट. तिची आई भाईंदरच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. तिने कार्डांवरचे फोटो ताडून बघितले, रिसेप्शनला फोन लावला आणि मग दार उघडून दिलं. हे आत पळाले. मी दाराच्या फटीत अंग आडवं घालून उभी राहिले, तिला आतलं दिसू नये म्हणून.

तिने ते बघितलं असणार, पण बोलली दुसरंच. "बाय, तुमची लाल पाटी कालपासून लागलेली हाय. जास्त येळ ठेवता येत न्हाय. आमाला एकदा तरी आत बघायला लागतं. कोन पडलाय का, बरा हाय का." त्यांची पद्धत तिने समजावून सांगितली. तीनदा टकटक करायची, मोठ्याने आपण कोण ते सांगायचं, थांबायचं, मगच कार्ड लावायचं. आणि कुठल्या कार्डाने दार किती वाजता उघडलं ते कुलपात नोंदलं जातं, म्हणून कोणी लपूनछपून आत शिरत नाही. पण आतून कोणी बाहेर गेलं तर? मी विचारलं. त्याची नोंद होत न्हाय, म्हणाली. मी म्हटलं उद्या बघू, आणि दार लावून घेतलं.

तिसरा दिवस : नुसताच समुद्र

तिसऱ्या दिवशी बोट कुठेच थांबत नाही. चहूकडे पाणी. लोकांना म्हणे फार शांत वाटतं. मी सकाळपासून खोलीत येरझारा घालत होते, पलंगापासून दारापर्यंत सात पावलं. हे उठायलाच तयार नव्हते. नाश्त्याची वेळ संपत आली तेव्हा मी ठरवलं की पटकन वर जाऊन ह्यांच्यासाठी काहीतरी घेऊन यायचं. दहा मिनिटं. ह्यांना उठवून बसवलं, दारावरचा कागद वाचून घेतला, हे म्हणाले, "हो गं, कुठे जातोय मी?" मी निघाले.

वर डोशाला रांग होती. उपमा घेऊन परत फिरायला हवं होतं. पण ह्यांना डोसा आवडतो आणि गरम डोसा बघून ह्यांचा चेहरा खुलतो, म्हणून मी रांगेत उभी राहिले. त्या एका डोशापायी पंचवीस मिनिटं गेली. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

परत आले तर आमचं दार सताड उघडं. दारात दीपांकरची ढकलगाडी, आणि तो स्वतः दाराला पाठ लावून उभा. आत चादरी बदललेल्या, भिंतीवर माझे कागद तसेच. पलंगावर कोणी नाही.

लाल पाटीची मुदत संपली होती, म्हणून त्याने तीनदा टकटक केली होती, आपलं नाव सांगितलं होतं. आतून ह्यांनी "या, या" म्हटलं. आपल्याकडे दारावर टकटक झाली की कोण आहे हे कळायच्या आधीच आपण या म्हणतो, मग तो कुरिअरवाला असो की पाहुणा. तो आत आला, साफसफाई करत होता, तेवढ्यात हे खुर्चीवरून उठले, केस विंचरले, शर्टाच्या खिशाला पेन लावलं आणि बाहेर गेले. मी ट्रे टाकला आणि त्याच्यावर ओरडले. जाने कैसे दिया? रोका क्यों नहीं?

तो घाबरून गेला, पण त्याच्याकडे उत्तर होतं. त्याने मुंबईत दोन वर्षं हॉटेलात काम केलं होतं, थोडं मराठी त्याला येत होतं. "आंटी, सर ने मराठी में बोला, 'येतो गं'। येतो मतलब आता हूँ। इसलिए मैं दरवाज़ा खोल के रुका है। सर के पास कार्ड नहीं है, वापस आएगा तो बाहर रह जाएगा।"

बाहेर जाणारा मराठी माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. जातो म्हणणं अशुभ, म्हणून. दीपांकरला शब्दाचा अर्थ बरोबर माहीत होता, फक्त तो उलटा वापरतात हे माहीत नव्हतं. पण मी हादरले ती त्या 'गं'मुळे. गं आपण बाईला म्हणतो. म्हणजे ह्यांना समोर दीपांकर दिसतच नव्हता. ह्यांना परळचं घर दिसत होतं आणि चुलीपाशी मी, चाळीस वर्षांपूर्वीची. रोज ड्यूटीवर निघताना हे असंच म्हणायचे.

दीपांकर म्हणाला, सुपरवायझरला सांगतो, लगेच शोधतील. मी म्हटलं, किसी को नहीं बोलने का. दोनदा बजावलं. मीच शोधते, इथेच असतील. तो काय समजला देव जाणे, पण त्याने मान डोलावली.

मग मी एकटी धावत सुटले. आमचा मजला, वरचा मजला, जेवणाचा हॉल, नाचगाण्याचा हॉल. गुजराती ग्रुपच्या बायकांनी विचारलं, सुलभाबेन, काय शोधताय? मी म्हटलं चष्मा. शेवटी उघड्या डेकवर आले. कठडा माझ्या छातीएवढा होता. खाली पाणी पांढरं होऊन मागे पळत होतं. हे पाण्याच्या ड्यूटीवर निघालेत आणि इथे चारी बाजूंना पाणीच पाणी, हा विचार आला. मी कठड्याला धरून खाली वाकून बघत राहिले. काय दिसणार होतं तिथे?

मागून खांद्यावर हात पडला. जेनेट होती. दीपांकरने माझं ऐकलं नव्हतं, आणि देवाची कृपा की ऐकलं नाही. "बाय, कोन हरवलाय?" तिने सरळ विचारलं. ओठांवर आलं होतं की चष्मा हरवलाय. मी म्हटलं, "माझे मिस्टर. त्यांना काही आठवत नाही. दीड वर्ष झालं. मी कोणाला सांगितलेलं नाही."

एवढी चार वाक्यं मी दीड वर्ष पोटात धरून होते. जेनेटने अरेरे म्हटलं नाही. कमरेचा वॉकीटॉकी काढला, कपडे कसले ते विचारलं, वय विचारलं. मग विचारलं, "काम काय करायचे?" मी सांगितलं, चावीवाले, पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे. ती थबकली. "मंग ते वर न्हाय यायचे. वर पायपी दिसतात कुठे? सगळ्या छपरात लपवलेल्या. पायपी दिसतात त्या आमच्याकडं, खाली." वॉकीटॉकीवर तिने तसं सांगितलं. मिनिटाभरातच खालून उत्तर आलं. सापडले होते.

आमच्या बोळाच्या टोकाला एक साधं दार होतं, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' असं लिहिलेलं. तीन दिवस मी त्याच्यासमोरून गेले होते. जेनेटने आपलं कार्ड लावलं आणि म्हणाली, पाशिंजराला न्यायची परवानगी न्हाय, पन माझ्या मागून ये. दाराच्या पलीकडे गालिचा संपला. रंगवलेलं लोखंड, ट्यूबलाइट, साबणाचा आणि शिजत्या भाताचा वास, आणि डोक्यावर पाइपच पाइप, जाडे, बारीक, निळे, लाल, प्रत्येकावर नाव. आमच्या बिल्डिंगच्या पंपाच्या खोलीत जसं वाटतं तसंच वाटलं. ही माणसं रोज आमच्या खोल्यांत येत होती, आणि ती स्वतः कुठे राहतात हे मी विचारलंही नव्हतं.

धुण्याच्या गाडीमागून हे आत शिरले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, चालण्यात एवढा रुबाब की कपडे नेणाऱ्या माणसाला वाटलं कोणी साहेब तपासणीला आला आहे, आणि त्याने दार धरून ठेवलं. आत गेल्यावर ह्यांनी कर्मचाऱ्यांच्या खोल्यांच्या रांगेत एकेक दार वाजवलं होतं. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसांना उठवून विचारलं होतं, पाणी आलं का? कोणी मणिपूरचा, कोणी केरळचा, कोणी परदेशी. कोणालाच कळलं नाही. पण कोणीच ह्यांना हाकललं नव्हतं. त्यांच्या जेवणाच्या खोलीत खुर्चीवर बसवून हातात चहाचा कप दिला होता. हे वरच्या निळ्या पाइपाकडे बघत होते, अगदी समाधानाने.

मी समोर जाऊन उभी राहिले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उठून उभे राहिले, जसे परक्या बाईसमोर उभे राहतात.

"तुमच्या गल्लीत आलं का पाणी, बाई?" ह्यांनी विचारलं.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी ह्यांना ओळखू आले नाही. मी खूप घाबरले होते, खूप चिडले होते, ते सगळं त्या एका 'बाई'ने विरघळलं आणि नुसतं दुःख उरलं. मी म्हटलं, आलं, चांगलं प्रेशरने आलं. हे म्हणाले, मग झालं माझं काम. आणि चहा संपवून माझ्याबरोबर निघाले. जिना चढताना मध्येच म्हणाले, "अगं, तू नाश्ता केलास का?" तेव्हा मला रडू फुटलं. जेनेट दोन पायऱ्या पुढे जाऊन पाठ करून उभी राहिली.

दुपारी मी दारावरची लाल पाटी काढली. दीपांकर तीनदा टकटक करून आला तेव्हा मी हात जोडून त्याची माफी मागितली. तो एवढा संकोचला की त्याने आधी झाडलेली खोली परत झाडली. भिंतीवरच्या कागदांवर काय लिहिलंय ते त्याने एकेक करून विचारलं. मग कपाटातले कपड्यांचे हँगर काढले आणि चार हँगर दाराच्या आतल्या हँडलला अडकवले. हँडल दाबलं की ते एकमेकांवर आपटून खणखण वाजायचे. जेनेटची युक्ती होती ती. बोटीवर माझ्यासारख्या बायका याआधीही आल्या असणार.

चौथा दिवस : परत

मुंबई दिसायला लागली तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की केतकीला सांगायचं, आजच, घरी पोचायच्या आत. ती गाडी घेऊन बंदरावर आली होती. ह्यांनी तिच्याकडे बघून नमस्कार केला आणि "बाई, आम्हाला नवघरला जायचंय," म्हणाले. तिने बॅगा घेतल्या आणि बाबांना मागच्या सीटवर बसवून पट्टा लावला. गाडी सुरू झाल्यावर थोड्या वेळात ह्यांचा डोळा लागला.

दहिसरच्या आसपास गाड्या तुंबल्या होत्या. मी पुढच्या सीटवर होते. सगळं सांगितलं. मोरवा सांगितलं, डॉक्टर सांगितला, कुलूप, कागद, डोशाची रांग, खाली सापडले ते, सगळं. केतकी समोर बघत होती. मला वाटलं ती आता ओरडेल, की मला का नाही सांगितलंस. मी तयार होते.

ती म्हणाली, "आई, मला माहितीये. बाबांनीच सांगितलं होतं. दोन वर्षं झाली असतील. मुद्दाम ठाण्याला एकटे आले होते. म्हणाले, मला विसरायला होतंय. तुझ्या आईला कळू देऊ नकोस, तिला झोप लागणार नाही."

मी कुलूप लावत होते आणि ह्यांना ते का लावतेय हे माहीत होतं. मला सांभाळून घ्यायला हे माझं एकेक खोटं खरं मानल्याचं दाखवत होते, आणि आता तर ते सांभाळणंही ह्यांच्या हातातून सुटायला लागलं होतं. मला ह्यांच्याशी बोलायला दीड वर्ष होतं आणि ते मी ह्यांच्यापासून लपवण्यात घालवलं.

मागून हालचाल झाली. हे जागे झाले होते, किती वेळापासून कोण जाणे. पट्ट्यातून पुढे वाकले आणि पस्तिशी ओलांडलेल्या मुलीला लहानपणी दटावावं तसं म्हणाले, "केतकी, आईला सांगू नकोस म्हटलं होतं ना मी?"

तिचं नाव ह्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदाच आलं होतं.